काटा साडेसातवर होता: एका जुन्या ट्रकच्या ब्रेकदुरुस्तीचे एकोणसाठ दिवस

९ एप्रिल २०२३ हा रविवार होता. दुपारी पावणेतीनच्या सुमारास पोफळीहून आण्णांचा फोन आला. कुंभार्ली घाट उतरताना मागच्या उजव्या चाकातून धूर निघू लागला होता, लायनर, म्हणजे ब्रेकमध्ये ड्रमवर घासली जाणारी पट्टी, जळल्याचा वास येत होता आणि त्यांनी ट्रक कसाबसा पायथ्याशी आणून उभा केला होता. ट्रकमध्ये चिपळूणला पोहोचवायचे पशुखाद्य होते. आण्णा आमच्या घरी बावीस वर्षे ट्रक चालवत आहेत. त्यांचा आवाज मी तोवर कधी इतका सावध ऐकला नव्हता. “हवा भरपूर आहे सर, काटा साडेसातवर आहे, पण गाडी थांबत नाही,” असे ते म्हणाले. हे वाक्य कळायला मला पुढे दोन आठवडे लागले.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. ट्रक वडिलांचा, २००४ सालचा, सहाचाकी आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर बाबांची तब्येत खालावली तेव्हा कागदपत्रे, हप्ते आणि दुरुस्ती माझ्याकडे आली. ट्रकचे योग्यता प्रमाणपत्र १४ जून २०२३ पर्यंतच होते आणि आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला ते एका वेळी एकाच वर्षासाठी मिळते. म्हणजे हातात दोन महिने होते, आणि हवेचा ब्रेक कसा चालतो याची मला काहीही माहिती नव्हती. माझ्यासारखेच वडिलांचे किंवा भावाचे जुने वाहन अचानक ज्यांच्या हाती आले आहे, त्यांच्यासाठी मी हे सर्व क्रमाने लिहून ठेवत आहे.

पोफळीला रस्त्यावरच्या कारागिराने काय केले ते आधी सांगतो, कारण पुढचा सारा गोंधळ तिथे वाढला. चाक तापले होते, म्हणून त्याने त्या चाकाचा ब्रेक सैल केला आणि आठशे रुपये घेतले. चाक तापायचे थांबले. माल उतरवून १० तारखेला आण्णा रिकामा ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू घाट चढवून घरी घेऊन आले. येताना ब्रेक आणखीच कमी लागत होता, असे त्यांनी मला सांगितले. धूर गेला म्हणजे दोष गेला, या समजात मी त्यांचे म्हणणे पुरेसे मनावर घेतले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

१८ एप्रिलला ट्रक जवळच्या एका गॅरेजमध्ये नेला. इंजिन बंद केल्यावर पेडलखालच्या फूट वॉल्व्हमधून फुसफुस ऐकू येत होती आणि रात्रभरात टाक्या रिकाम्या होत होत्या. वॉल्व्ह गेला आहे, असे सांगण्यात आले. नवा वॉल्व्ह ६,८०० रुपयांना बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्या पुन्हा रिकाम्या होत्या आणि फुसफुसही तिथूनच येत होती. पैशांपेक्षा मला जास्त भीती वाटली ती याची, की दोष कुठे आहे हे शोधायची रीतच कोणाजवळ नसावी.

मग बाबांनी स्वतःहून महामार्गालगतच्या एका जुन्या मिस्त्रींचे नाव काढले. ते आता फार काम घेत नाहीत. २४ एप्रिलला सकाळी नऊ वाजता आम्ही तिथे पोहोचलो. संध्याकाळी सहापर्यंत त्यांनी एकही सुटा भाग मागवला नाही. दिवसभर त्यांनी फक्त ऐकले, मोजले आणि मला वहीत लिहायला लावले. त्या दिवसाची मजुरी ७०० रुपये झाली आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रवासातला सर्वांत योग्य खर्च तोच होता.

त्यांनी आधी मला यंत्रणा समजावली. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. दाब साडेसात-आठ बारपर्यंत पोहोचला की अनलोडर वॉल्व्ह जादा हवा बाहेर सोडतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या टाक्या आणि नळ्या वेगळ्या असतात, म्हणून मीटरला दोन काटे असतात. एक बाजू फुटली तरी दुसरी उरावी, अशी ती सोय असते. पेडल दाबले की फूट वॉल्व्ह टाकीतली हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये सोडतो. तिथला रबरी डायफ्राम पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड स्लॅक ॲडजस्टरची दांडी फिरवतो, तिच्याबरोबर इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम फिरतो आणि तो लायनर लावलेले दोन्ही ब्रेकशू फाकवून चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर दाबतो. आमच्या मागच्या चेंबरचा आकार २४ आहे. याचा अर्थ डायफ्रामचे काम करणारे क्षेत्रफळ २४ चौरस इंच, म्हणजे सुमारे १५५ चौरस सेंटिमीटर असते. सात बारला पुशरॉडवर एक टनाहून थोडा अधिक जोर येतो. हे गणित मी तिथेच वहीत केले आणि मला धीर आला, कारण जी गोष्ट मोजता येते ती मला परकी वाटत नाही.

त्यानंतर ते जे म्हणाले, त्याने आण्णांच्या वाक्याचा अर्थ लागला. तेलाच्या ब्रेकमध्ये लायनर झिजले की पेडल खोल जाते आणि पायाला लगेच कळते. हवेच्या ब्रेकमध्ये पाय फक्त वॉल्व्ह उघडतो. लायनर झिजो, कॅमला आधार देणारे बुश ढिले होवोत, चाकातला ब्रेक अजिबात न लागो, पेडल रोजच्यासारखेच लागते आणि काटाही रोजच्या जागीच उभा राहतो. काटा टाकीतली हवा दाखवतो. चाकात काय चालले आहे ते त्याला ठाऊकच नसते. ते कळायला प्रत्येक चाकाखाली जाऊन पुशरॉड किती बाहेर येतो ते मोजावे लागते.

ते मोजण्याची रीत अशी आहे. ट्रक सपाट जागेवर उभा करून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे, टाक्या पूर्ण भरायच्या, इंजिन बंद करून हँडब्रेक सोडायचा. पुशरॉड चेंबरमधून जिथे बाहेर येतो, तिथे खडूने खूण करायची. एकाने केबिनमध्ये बसून पेडल पूर्ण दाबून धरायचे आणि दुसऱ्याने खूण किती सरकली ते पट्टीने मोजायचे. खाली जाणाऱ्याने ठोकळ्यांची खात्री स्वतः करावी, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. आमचे आकडे आले ते असे: पुढे डावीकडे ३२ मिलिमीटर, पुढे उजवीकडे ३४, मागे उजवीकडे ५२ आणि मागे डावीकडे ५५. या चेंबरची पूर्ण धावच ५७ मिलिमीटर आहे, आणि मिस्त्री ४० च्या पुढे गेलेला ब्रेक लगेच घट्ट करतात. म्हणजे मागच्या डाव्या चाकात डायफ्राम जवळजवळ टोकाला जाऊन टेकत होता आणि शू ड्रमला जेमतेम शिवत होते. उतारावर ड्रम तापून प्रसरण पावला की उरलेले दोन मिलिमीटरही त्यात संपत होते.

इथे मला सर्वांत मोठा धक्का बसला. धूर उजव्या चाकातून आला होता, पण दोष डाव्या चाकात होता. डावे चाक कामच करत नव्हते, म्हणून मागच्या धुरीचे सगळे ब्रेकिंग उजव्याच्या वाट्याला येऊन ते जळत होते. पोफळीच्या कारागिराने तेच एकमेव काम करणारे चाक सैल केले आणि ५२ चा आकडा तिथून आला. आण्णांनी तो ट्रक तशा अवस्थेत घाट चढवून आणला होता. मी बराच वेळ काही बोललो नाही. कोणाचे जुने वाहन तापत असेल, तर एवढे तरी लक्षात ठेवा की तापलेल्या चाकाबरोबर त्याच धुरीवरचे थंड राहिलेले चाकही तपासायचे असते. दहा-पंधरा किलोमीटर चालवून प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताचा पंजा, न टेकवता, नेला तरी फरक कळतो.

मग फुसफुशीचा शोध सुरू झाला. मिस्त्रींनी मला हँडब्रेक ओढायला सांगितले, तसा आवाज थांबला. सोडल्यावर पुन्हा सुरू झाला. तेवढ्यावर ते म्हणाले, “फूट वॉल्व्ह चांगला होता सर, जुनाही.” मागच्या चाकांवरचे चेंबर दुहेरी असतात. त्यांच्या एका कप्प्यात पायब्रेकची हवा येते, दुसऱ्यात जाड स्प्रिंग असते आणि ती हवेने दाबून ठेवलेली असते. हँडब्रेक ओढला की त्या कप्प्यातली हवा निघून जाते आणि स्प्रिंग ब्रेक लावते. हवा फुटली तरी गाडी आपोआप थांबावी, ही सोयही तिचीच. आमच्या उजव्या चेंबरमधले मधले सील गेले होते. हँडब्रेक सोडलेला असताना स्प्रिंगच्या कप्प्यातली हवा पायब्रेकच्या कप्प्यात झिरपत होती. आमच्या ट्रकला मागच्या चाकांजवळच हवा सोडणारा रिले वॉल्व्ह नसल्याने ती नळीतून उलटी थेट फूट वॉल्व्हपर्यंत जाऊन तिथल्या तोंडातून बाहेर पडत होती. आवाज पेडलखाली आणि दोष मागच्या चाकाशी, अशी ती गुंतागुंत होती. वॉल्व्ह बदलण्यापूर्वी हँडब्रेक ओढून-सोडून आवाज ऐकायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट कोणी दिले असते, तर ६,८०० रुपये वाचले असते.

डाव्या चेंबरशी पोहोचल्यावर मिस्त्री थांबले आणि त्यांनी मला खाली वाकून पाहायला सांगितले. मागच्या बाजूला लांब बोल्ट पूर्ण आवळलेला होता आणि स्प्रिंगच्या कप्प्याकडे जाणारी नळी बूच मारून बंद केलेली होती. कधीतरी प्रवासात त्या बाजूचा डायफ्राम फाटला असणार. हवा गेली की चाक जाम होते, म्हणून त्या बोल्टने स्प्रिंग दाबून, नळी बंद करून ट्रक घरी आणायचा, हा तात्पुरता उपाय असतो. आमच्याकडे तो कायमचा होऊन बसला होता. आण्णांना आठवले की दोन पावसाळ्यांपूर्वी ते आजारी असताना बदली चालकाने असे काहीतरी करून आणले होते. म्हणजे दोन वर्षे आमच्या ट्रकचा हँडब्रेक एकाच चाकावर होता. जुने वाहन ताब्यात घेताना दोन्ही मागच्या चेंबरचे ते बोल्ट आधी पाहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मात्र तो चेंबर स्वतः कधीही उघडू नका, कारण आतली स्प्रिंग सुटली तर माणूस वाचत नाही. मिस्त्रीही चेंबर उघडत नाहीत, तो पूर्ण बदलतात.

चाके उतरवण्याचे काम २६ एप्रिलला सुरू झाले. मागच्या डाव्या हबचे सील गळून लायनर ग्रीसने माखले होते, कॅमचे बुश इतके झिजले होते की कॅम हाताने वर-खाली हलत होता, आणि उजव्या ड्रमवर निळे डाग आणि बारीक तडे होते. ड्रमची कमाल व्यासाची मर्यादा ड्रमवरच ओतलेली असते. आमचे दोन्ही मागचे ड्रम लेथवर घासले असते, तर ती मर्यादा ओलांडली जात होती, म्हणून नवे घ्यावे लागले. ग्रीस प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवा, असा सल्ला मला एकाने दिला होता. तसे करू नये, कारण ते गरम झाले की ग्रीस पुन्हा बाहेर येते. लायनर एका चाकाचे न बदलता त्या धुरीच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे लागतात. ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने उडवायची सवय सगळीकडे दिसते, पण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. मिस्त्रींच्या मुलाने तोंडाला फडके बांधून ओल्या कापडाने धूळ पुसली, आणि मी तिथे नसतानाही कोणी ती फुंकू नये, एवढे मी सांगून ठेवले.

टाक्यांच्या तळाचे ड्रेन वॉल्व्ह ओढले तेव्हा दुधाळ चहासारखे पाणी आले. आमच्या ट्रकला एअर ड्रायर नाही. दमट हवा दाबली की तिच्यातले पाणी टाकीत साचते, आणि कोकणात ये-जा असली की अधिकच. तेल मिसळले असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजत आल्या आहेत असे समजायचे, आणि ते तेल पुढे वॉल्व्हची रबरे फुगवते. आमच्याकडे तेल थोडेच होते, म्हणून कॉम्प्रेसरचे काम पुढच्या वर्षावर ढकलले. आता आण्णा रोज संध्याकाळी टाक्या रिकाम्या करतात.

सुटे भाग यायला वेळ लागला. १ मे रोजी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, पुढे आठ दिवस बुशची वाट पाहण्यात गेले, ड्रम सांगलीहून आले. भाड्याच्या खेपा हुकत होत्या आणि बाबा रोज रात्री “झालं का?” विचारत होते. खर्चाचा हिशेब असा झाला: मागचे दोन चेंबर ८,८००, दोन ड्रम ११,२००, चारही चाकांचे लायनर ५,२००, दोन स्लॅक ॲडजस्टर २,९००, बुश, रोलर, परतीच्या स्प्रिंगा आणि सील ३,६००, रबरी नळ्या १,९००, आणि मोजणीच्या पहिल्या दिवसासह मजुरी ११,५००. एकूण ४५,१०० रुपये, आणि त्याआधीचा अनावश्यक वॉल्व्ह आणि पोफळीचे आठशे वेगळे.

ब्रेक घट्ट करण्याचे काम मिस्त्रींनी १७ मे रोजी माझ्याच हातून करून घेतले. आमचे स्लॅक हाताने फिरवायचे आहेत. टाक्या भरून हँडब्रेक सोडायचा, पाना बसवून नटाला अडवून धरणारी कुलपाची बाही आत दाबायची आणि शू ड्रमला टेकेपर्यंत नट फिरवायचा. नंतर पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा. नट फिरवताना पुशरॉड चेंबरमधून बाहेर ओढला जात असेल, तर आपण उलटे फिरवत आहोत असे समजावे. नंतर जॅकवर चाक हाताने मोकळे फिरते का ते पाहायचे आणि स्ट्रोक, म्हणजे पुशरॉडची धाव, पुन्हा मोजायचा. नव्या ट्रकांचे स्लॅक आपोआप घट्ट होतात. त्यांना वारंवार हाताने फिरवायची वेळ आली, तर दोष स्लॅकच्या पलीकडे, बुशमध्ये किंवा ड्रममध्ये शोधावा, असे मिस्त्री बजावून सांगतात.

योग्यता प्रमाणपत्राचा अर्ज वाहन पोर्टलवर १२ मे रोजीच भरला होता. पंधरा वर्षांवरील जड मालवाहू वाहनाच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये झाले होते, तपासणीचे शुल्क वेगळे. विमा, पीयूसी, रस्ता कर, पर्यावरण कर आणि वेगनियंत्रकाचे प्रमाणपत्र या सर्वांच्या मुदती आधी तपासा. आमचे पीयूसी दोनच दिवसांत संपणार होते आणि ते नवे काढल्याशिवाय अर्ज पुढे नेण्यात अर्थ नव्हता. तारीख मिळाली २६ मे, शुक्रवार.

त्या दिवशी रांगेत साडेतीन तास गेले. मोटार वाहन निरीक्षकांनी मैदानात ट्रक चालवायला लावून ब्रेक दाबायला सांगितला, आणि ट्रक थांबताना स्पष्टपणे डावीकडे ओढला. शिवाय मागचा ब्रेकचा दिवा उशिरा लागत होता आणि परावर्तक पट्टी एका जागी निघाली होती. त्यांनी तिन्ही दोष लेखी दिले. माझे तोंड उतरलेले पाहून ते एवढेच म्हणाले, “नवे लायनर बसलेले नाहीत अजून. चालवून पुन्हा सेट करून आणा.” इतका खर्च करून नापास झाल्याचे दुःख झाले खरे, पण निर्णय बरोबर होता, आणि तसा ट्रक त्यांनी पास केला असता तर ते आमच्या हिताचे झाले नसते.

नवा लायनर सुरुवातीला ड्रमला सर्वत्र टेकत नाही. थोडे चालल्यावर उंचवटे झिजून तो बसतो, आणि तोवर स्ट्रोक वाढतो, तोही प्रत्येक चाकावर सारखा नाही. निम्मा माल भरून कऱ्हाड-पाटण रस्त्यावर आण्णांनी तीन दिवसांत दोनशे किलोमीटर ट्रक चालवला, मधूनमधून हलके ब्रेक लावत. मग मोजले, तर पुढे डावीकडे २८ आणि उजवीकडे ३७ मिलिमीटर भरले. उजवा ब्रेक उशिरा लागत असल्याने ट्रक डावीकडे ओढत होता. दोन्ही बाजू ३० वर आणल्या. दिव्याचा दोषही सापडला: तो हवेच्या दाबाने चालणाऱ्या स्विचवर लागतो, आणि फूट वॉल्व्ह बदलताना तिथली तार सैल राहिली होती. पट्टी १८० रुपयांत झाली.

फेरतपासणी ७ जूनला, बुधवारी झाली. ट्रक सरळ रेषेत थांबला. प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ३८, त्याच संध्याकाळी पोर्टलवर दिसले. मुदत संपायला सात दिवस होते. बाबांना मोबाइलवर दाखवले, तर त्यांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवून आधी स्ट्रोकचे आकडे विचारले.

पहिली खेप ११ जूनला, पुन्हा चिपळूणचीच होती. मी आण्णांच्या शेजारी बसून गेलो. घाटाच्या माथ्यावरच त्यांनी तिसरा गिअर टाकला आणि इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लावला. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरण्याची खोड अनेकांना असते, पण तसे केले की इंजिनचा रोध जातो, कॉम्प्रेसर मंद फिरतो आणि पेडल वारंवार दाबत राहिले तर हवा भरण्यापेक्षा लवकर संपते, हे आता आम्हा दोघांनाही आकड्यांनिशी ठाऊक आहे. उतारावर ते पेडल सतत धरून ठेवत नव्हते. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबून कमी करत आणि पाय काढून घेत.

पोफळीला त्याच जागी ट्रक उभा केला. चारही हब सारखेच कोमट होते. ठोकळे लावून मी खाली गेलो, आण्णांनी पेडल दाबले: पुढे ३१ आणि ३१, मागे डावीकडे ३३, उजवीकडे ३६. मागचा उजवीकडचा आकडा आधीच्या मोजणीपेक्षा तीनने वाढला होता. लायनर अजून बसत आहेत, परतल्यावर रविवारी पुन्हा पाव फेरा घ्यावा लागेल, असे आण्णांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिले आणि आम्ही माल उतरवायला पुढे निघालो.